खर्च कमी करायचा की आधी बायकाच दिसतात

फॅमिली ग्रुपवर चार दिवस झाले नाशिकच्या 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यावरून वाद चाललाय. मावसभाऊ लिहितो, महिला पोलिसांसाठी फिरती टॉयलेट, आरामाची खोली यावर सरकारी पैसा कशाला, आधी द्वारका चौकातला ट्रॅफिक बघा, आईने 2003 चा बंदोबस्त केलाच ना याच्याशिवाय! वर सात जणांचे अंगठे. माझं डोकंच फिरलं.

केला ना, पण कसा केला ते मी पाहिलंय. त्याची आई म्हणजे माझी मावशी, पोलिसात होती, आणि मी तेव्हा तिच्याकडेच राहायचे. रामकुंडावर पहाटेपासून ड्युटी, आणि जायची सोय नाही म्हणून मावशी दिवसभर पाणीच प्यायची नाही. रात्री घरी आली की बूटसुद्धा न काढता उंबऱ्यात उभ्या उभ्या अख्खा तांब्या रिकामा करायची.

मी आता इंग्लंडमध्ये राहते. इथे काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरपट्टीसारख्या कराच्या, बिलात पोलिसांचा आकडा वेगळा छापून येतो, मी तो कुरकुर न करता भरते. पण इथेही हे सगळं सुखासुखी झालेलं नाही. माझ्यापासून ट्रेनने अर्ध्या तासावर ग्रँथम आहे, तिथे 1915 ला एडिथ स्मिथ या महिला पोलिसाला अटकेचे पूर्ण अधिकार मिळाले. लंडनमध्ये 1919 ला बायकांची गस्त सुरू झाली आणि 1922 ला खर्चकपातीची गेडिस समिती म्हणाली, हे पथकच बंद करा. का तर म्हणे ही समाजसेवा, पोलिसांचं काम नाही. खासदार नॅन्सी ॲस्टर पार्लमेंटमध्ये भांडल्या तेव्हा कुठे 20 जणी उरल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांना अटकेचा अधिकार द्यावा लागला. शंभर वर्षांपूर्वीचं तेच कारण आज नाशिकच्या सिडकोतून टाईप होतंय. आणि आपणही काही मागे नव्हतो, त्रावणकोर संस्थानात 1933 लाच बायका पोलिसात होत्या.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. त्याचं एका ओळीत उत्तर, तुझा टॅक्स तिकडे जातो, तू इथलं सांगू नको.

लागलं ते. मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी पैसे पाठवले, पण हॉस्पिटलच्या बाकावर रात्री काढल्या त्याने. नाशिक माझं आहे म्हणताना आता मलाच जरा अडखळायला होतं. पण त्या उंबऱ्यात तांब्या भरून द्यायला मी होते, तो तेव्हा हॉस्टेलला होता.

शेवटी मावशीलाच फोन केला. म्हणाली, तुम्ही दोघं भांडू नका, माझं नाव कुठे टाकू नको, पण टॉयलेटचं लिही.