शिकारीची रायफल आणि नेक-सायझिंगचं खूळ

हे वाचून नेमबाजीच्या रेंजवरचे निम्मे मित्र माझ्याशी बोलायचे बंद होतील, तरी लिहितोच. शिकारीच्या रायफलसाठी घरी काडतुसं भरताना पुंगळीची फक्त मान (गोळी धरणारं वरचं अरुंद टोक) आवळायची, म्हणजे नेक-सायझिंग करायचं, हा प्रकार आता सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतातल्या मित्रांसाठी आधी थोडं. मी अमेरिकेत कोलोरॅडोत राहतो. इथे परवाना काढून हरणाची आणि एल्कची (सांबरासारख्या मोठ्या हरणाची) शिकार करता येते, आणि वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (ठिणगी टाकणारी टोपी), नवी दारू, नवी गोळी बसवून काडतूस तयार करणं हा गॅरेजमध्ये सर्रास चालणारा उद्योग आहे. आपल्याकडे शिकार बंद आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा, त्यामुळे फार तर कोकणात कुणी ठासणीची बंदूक पाहिली असेल. (ठासणीवाल्यांसाठी इथे सप्टेंबरात वेगळा सीझन असतो! गावाकडच्या काकांना हे खोटंच वाटतं.)

तर मुद्दा. बार उडाला की पितळ फुगून चेंबरच्या (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला टेकतं आणि दाब उतरला की किंचित आक्रसतं. पुंगळी आता तुमच्याच रायफलच्या मापाची झाली. नेक-सायझिंगवाले विचारतात, हे बेतलेलं माप मोडता कशाला? गोळी धरण्यापुरती मान आवळा, बाकी अंगाला हात लावू नका. नेम सुधारतो, पितळ जास्त टिकतं. ऐकायला बिनतोड आहे. फुल-लेंग्थ डायमध्ये (डाय म्हणजे पुंगळी दाबायचा साचा) मात्र खांद्यासकट, म्हणजे मानेखालच्या उतारासकट, अख्खी पुंगळी दाबली जाते.

गोम अशी की पितळ दर बाराला थोडं थोडं फुगतच राहतं. तीन-चार वापरांत बोल्ट (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारी सरकती खिट्टी) जड चालायला लागतो आणि शेवटी फुल-लेंग्थ डाय काढावाच लागतो. रेंजवर बोल्ट अडला तर काही बिघडत नाही, चहा पिऊन परत बसायचं. पण ऑक्टोबरात दहा हजार फुटांवर, हातात मोजे, पहिली गोळी लागूनही एल्क उभाच, आणि दुसरं काडतूस आत जाईना, मग? जखमी जनावर झाडीत निघून जातं आणि दिवसभर रक्ताचा माग काढत फिरायची पाळी येते. बरं, ज्या बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा करणाऱ्या) नेमबाजांचा दाखला देऊन हा वाद घातला जातो, त्यांच्यातलेही बरेच जण आता फुल-लेंग्थच करतात.

याचा अर्थ डाय तळाला टेकेपर्यंत आवळून प्रेसचा दांडा ओढत सुटा असा नाही. ती दुसरी टोकाची मंडळी. डाय लहानात लहान चेंबरचा विचार करून बनवलेला असतो. तो पूर्ण खाली घेतला की खांदा गरजेपेक्षा बराच मागे ढकलला जाऊ शकतो. मग पुढच्या बाराला पितळ लांबीत ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर पातळ होतं. १९६३ साली आलेल्या .३०० विन्चेस्टर मॅग्नमसारख्या पट्टेवाल्या (बुडाशी जाड पट्टी असलेल्या) काडतुसांत हे हमखास होतं, कारण पट्टा चेंबरात टेकतोय म्हणून खांद्याकडे कुणी बघतच नाही. पुंगळी उजेडात धरली तर पट्ट्याच्या जरा वर एक चकचकीत कडं दिसतं. पेपरक्लिप सरळ करा, टोक जरासं वाकवा आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. टोक खाचेत अडकलं की ती पुंगळी भंगारात. तेवढ्यावर समजलं तर नशीब. नाहीतर एखाद दिवशी बोल्ट मागे ओढल्यावर नुसतं बूड हातात येतं आणि उरलेली पुंगळी चेंबरातच राहते. खांदा इंचाच्या एक-दोन हजारांशाने मागे जाईल इतपतच डाय लावायचा. त्यासाठी मोजायचं साधन घ्या. कॅलिपरवर बसणारा गेज काही फार महाग नाही.

आता ‘नेक-सायझिंगने माझा ग्रुप अर्ध्या इंचावर आला’ हे जे ऐकू येतं, त्याबद्दल. ग्रुप म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पसारा. किती गोळ्यांचा ग्रुप? तीन! तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंच टाकणारी रायफल त्याच काडतुसाने दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरी दीड इंचापुढे टाकते. हे साधं संख्याशास्त्र आहे, रायफलीत काही बिघडलेलं नसतं. तीन-तीन गोळ्या झाडून दोन पद्धतींची तुलना करणं म्हणजे दोनदा नाणं उडवून ते खोटं ठरवणं. हॉर्नाडीसारख्या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीतली माणसंही हे जाहीरपणे सांगतात, तरी लोक लक्ष्याचे फोटो टाकतच असतात.

त्यापेक्षा हवामानाकडे बघा की. जुलैच्या उन्हात जुळवलेलं काडतूस नोव्हेंबरच्या गारठ्यात वेग गमावतं, आणि उलट थंडीत कमाल मर्यादेपर्यंत भरलेलं उन्हाळ्यात जादा दाब देऊ शकतं. म्हणून व्हारगेट, एच-४३५० असल्या तापमानाला फारशा न बधणाऱ्या दारूला लोक पैसे मोजतात. हा पैसा मला पटतो.

शिशाविरुद्ध तांबं हा वादही मला मानेच्या वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. काँडर गिधाडं शिकारीचे अवशेष खाऊन शिशाच्या विषाने मरत होती. कोलोरॅडोत सक्ती नाही. पण मांस आपल्याच पोरांच्या ताटात जातं, तेव्हा मी तांब्यावर गेलोय. फक्त एक ध्यानात ठेवा, तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीतली जागा खाते. शिशाच्या गोळीचे आकडे तिला लावायचे नाहीत, पुस्तकात तिचं वेगळं पान असतं.

स्वस्त पडतं म्हणून कुणी यात येत असेल तर येऊ नका. २०२० नंतर प्रायमरसाठी काय वणवण झाली ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि वाचलेल्या पैशाच्या शेवटी आणखी गोळ्याच झाडल्या जातात.

मी सीझनला नेणारं प्रत्येक काडतूस आधी रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, मॅगझिनमधून चेंबरात घालून-काढून बघतो. एकही अडलं तर ते सरावाच्या डब्यात. नेक-सायझिंगवाल्यांनी खाली खुशाल शिव्या घालाव्यात, फक्त सोबत दहा गोळ्यांच्या ग्रुपचा फोटो जोडावा.