माकडहाड

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, म्हणजे फुटबॉल आलाच. परवा पुतण्या चिखलात घसरून थेट बुडावर आपटला. एक्स-रे काढला. माकडहाडाला मार, मोडलेलं नाही. उशी घेऊन एका कुशीवर टेकलेल्या या गोलकीपरला माझ्या लेकीनं विचारलं, "माकडहाडच का म्हणतात रे?"

तो कण्हत म्हणाला, "शेपटीचं उरलंसुरलं हाय ते. अवशेषांग. दहावीला पहिलाच धडा की!"

लेकही दहावीलाच. पण हा स्टेट बोर्डात, ती सीबीएसईत. याच्या धड्याचं नाव 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. तिच्या पुस्तकात आता नुसतं 'हेरेडिटी', पुढचं 'इव्होल्यूशन' गेलं. कोरोनात मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून ही पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं २०२२ मध्ये उत्क्रांती वगळली, मूलद्रव्यांची आवर्त सारणीही दहावीतून काढली. कोरोना गेला, धडा परत आला नाही. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिलं. त्यावर उत्तर काय, तर बारावीच्या बायोलॉजीत आहे.

आहे ना. पण कॉमर्स, आर्ट्स, आयटीआयला जाणाऱ्या पोरांचं काय? आमच्या लेकीला सीए व्हायचंय. म्हणजे शाळा-कॉलेजात डार्विन तिला भेटणारच नाही.

यात राजकारण कशाला, असं कुणी म्हणेल. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, अभ्यासक्रम बदला. (आजच्या माकडाचा माणूस झाला असं डार्विननं म्हटलंच नव्हतं, दोघांचा पूर्वज एक. हे आमचा गोलकीपरसुद्धा सांगेल.) देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी तेव्हा निषेध केला. चार वर्षांनी नेमका तोच भाग 'भार' ठरला. यांचा थेट धागा मला दाखवता येणार नाही, पण संशय घ्यायला मला तेवढं पुरतं. काढायचंच होतं तर शिक्षकांना विचारून, उघड चर्चा करून काढायचं होतं.

आता आपल्याकडंही पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम येतोय. तो दहावीला पोचेल तेव्हा बालभारतीतला हा धडा राहतोय का, यावर पालकसभेत कुणी बोलणार आहे का? तिथं तर सगळा वेळ स्कूलबसच्या फीवरच जातो.

रात्री लेक पुतण्याचं पुस्तक घेऊन बसली होती. आतल्या खोलीतनं हा ओरडत होता, "पान दुमडू नको गं, सोमवारी चाचणी हाय माझी!"