बायबलात सगळं लिहिलंय म्हणे

आमच्या नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय: "ख्रिस्ती माणसाला बरं-वाईट ठरवायला डोकं लागत नाही. बायबलात सगळं लिहिलंय, त्याचा अर्थ एकच, आणि सद्सद्विवेकाची भाषा करणारा पळवाट शोधतो." टिंगल करणारे तो पाठवतातच, पण भाविकही खाली ‘आमेन’ लिहून पुढे ढकलतात.

सगळं लिहिलंय? बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात ते लिहिणारा प्रेषित पौल अविवाहितांबद्दल सरळ सांगतो की यावर मला प्रभूची आज्ञा नाही, मी माझं मत देतो. लिहिणाराच आज्ञा आणि मत वेगळं ठेवतो, मग वाचणाऱ्याने दोन्ही एकाच पोत्यात का भरावं?

पुढचा अध्याय मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा, म्हणजे तर आपल्या दारातला. गणपतीत शेजारच्या काकू प्रसादाचा शिरा घेऊन येतात. घ्यायचा की नाही? यावरून ख्रिस्ती घरांत मायलेकांची चांगली जुंपते. पौल आधी मान्य करतो की मूर्ती म्हणजे काही नाही आणि अन्नामुळे आपण देवाच्या जवळही जात नाही, लांबही नाही. लगेच विचारतो, पण तुझं पाहून कच्च्या विश्वासाचा भाऊ अडखळला तर? दहाव्या अध्यायात आणखी बारकावे आहेत. मूर्तिपूजेपासून दूर पळा. कोणी जेवायला बोलावलं तर चौकशी न करता खा. पण हे वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याखातर खाऊ नका. आता माय म्हणते, काकूंनी सांगूनच दिलाय, नको. पोरगा म्हणतो, इथे अडखळणारं कोण आहे? दोघांच्याही हातात तेच पत्र.

‘अर्थ एकच’ हे निदान नागपूरकराने तरी म्हणू नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया याच शहरात स्थापन झालं. एकत्र आलेल्यांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि समज आल्यावर, स्वतः विश्वास कबूल केल्यावरच तो देणारे बाप्टिस्टही. दोघेही वचनावर बोट ठेवूनच बोलणारे. शेवटी दोन्ही पद्धती मान्य करून मंडळी एक झाली. कॅथलिक तर शास्त्रासोबत परंपरा आणि चर्चची अधिकृत शिकवणही धरतात. आपल्या सेमिनरी हिल्सवर भावी फादर वर्षानुवर्षं तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकतात ते उगाच नाही.

राहिली पळवाट. सोयीने वचन वाकवणारे असतात, कबूल. पण वचन तोंडावर फेकल्यानेही काही सिद्ध होत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतानही येशूला स्तोत्रातलं वचनच ऐकवतो. बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय १५ काढा. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, हा वाद. बायबलाच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, तर सुंता हा कायमचा करार. यरुशलेमेत बैठक बसली, कडाक्याची वादावादी झाली, येशूचा शिष्य पेत्र याने डोळ्यांदेखत घडलेलं सांगितलं, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याने संदेष्ट्यांचं वचन लावून दाखवलं आणि सुंतेचं ओझं लादायचं नाही असं ठरवून तसं पत्र धाडलं. पळवाटच हवी असती तर त्याच पत्रात जारकर्म आणि मूर्तीला वाहिलेलं वर्ज्य करा, असं कशाला बजावलं असतं?

आणि हो, मूर्तीला वाहिलेलं बैठकीने सरसकट वर्ज्य सांगितलं, पौल मात्र ‘चौकशी न करता खा’ म्हणतो. हे दोन्ही डोकं न लावता कसं पाळायचं, ते ‘आमेन’वाल्यांनी सांगावं.