सायकल चालवतं कोण, असं विचारणाऱ्यांना

"सायकल चालवतं कोण? ट्रॅक उखडा आणि रस्ता रुंद करा." आमच्या मावसभावानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्यातल्या सातारा रोडच्या सायकल ट्रॅकचा फोटो टाकला आणि खाली हे लिहिलं. फोटोत ट्रॅकवर उभे टेम्पो आणि एक वडापावची गाडी. मी हरकत घेतली तर दादाचं उत्तर तयार होतं: "तुमच्याकडे ठीक आहे रे. थंड हवा, सपाट जमीन, लोकांच्या रक्तातच सायकल." मी राहतो नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला, पण तेव्हा ऑस्ट्रियात होतो, तिथल्या आमच्या सायकल क्लबबरोबर, डॅन्यूब नदीच्या काठानं पासाउहून व्हिएन्नाला निघालेला. त्या दिवशी पॅडल मारताना दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

रक्ताचं आधी बघू. 1971 साली नेदरलँड्समध्ये रस्त्यावर 3,000 हून जास्त माणसं मेली, त्यात 400 च्या वर मुलं होती. मोटारींना जागा हवी म्हणून जुन्या वस्त्या पाडणं चालू होतं. शेवटी 'मुलांची हत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 च्या नोव्हेंबरात तेलटंचाई आली आणि सरकारनं रविवारी मोटारी बंद ठेवल्या. आमच्या गटातल्या एक आजी तेव्हा शाळेत होत्या. त्या रविवारी महामार्गावर रोलर स्केट्स घालून हिंडल्याचं त्यांनी मला वाटेतल्या ग्राइन गावच्या कॅम्पिंगवर सांगितलं, दवानं भिजलेला तंबू झटकता झटकता. त्याच काळात सायकलींचं शहर म्हणून ओळख कुणाची होती? पुण्याची. माझे बाबा पेरूगेटहून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलनेच जायचे. सुटीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि बस थांबून राहायची. तेव्हा डच लोकांची मुलं मोटारीखाली येत होती. सायकल रक्तातच असते म्हणायचं, तर ती आमच्या होती, दादा.

ग्राइनहून आम्ही निघालो ती वाट मुळात सायकलींसाठी झालेलीच नाही. पूर्वी प्रवाहाविरुद्ध होड्या ओढणारे घोडे तिच्यावरून चालत. वाफेच्या बोटी आल्या, घोडे गेले, काठाची वाट उरली. ती कुणी बिल्डरला दिली नाही, पार्किंगलाही दिली नाही. आज अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा सायकलमार्ग तिच्यावरून जातो. पुण्याच्या पोटातून खडकवासल्याचा कालवा जातो आणि त्याच्या काठालाही वाट आहे. तिच्याकडे बघून कुणाला असं काही सुचलं का?

यब्सला धरणाच्या माथ्यावरून आम्ही पलीकडच्या काठावर गेलो. मेल्कचा तो भला मोठा पिवळा मठ मी खालूनच पाहिला. बाकीचे वर चढले. मी सावलीत बसून दादाला लांबलचक उत्तर लिहिलं आणि पाठवलं नाही. पुढे वाखाउचं खोरं. थंड हवेचं म्हणाल तर तिथे अंग भाजून निघत होतं. फरक एवढाच की जर्दाळूच्या बागांमधून वाट जाते, अधूनमधून सावली लागते, आणि गावात शिरल्यावर ट्रकवाला मागे हळू होतो, हॉर्न देत नाही. स्पिट्झला तरीतून नदी ओलांडली. त्या तरीला इंजिन नाही. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला ती बांधलेली असते. नावाडी ती प्रवाहाला जरा तिरकी धरतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. आमच्या सायकली कठड्याला टेकवून होत्या आणि एकाही गियरचा आवाज नव्हता. दाभोळची खाडी आठवली आणि पोटात तुटलं.

आता दादाचा मुख्य प्रश्न, चालवतं कोण. कोथरूडला आईकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी चालवतात. वारज्याहून येतात, लेडीज सायकल, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. सहा घरं करून परत जातात. जिन्याखाली त्यांची सायकल असते, तिथूनच दादा आपली गाडी काढतो. पेपर टाकणारी मुलं चालवतात, वॉचमन चालवतात. 2017 साली महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला, 800 किलोमीटरच्या वरचं जाळं कागदावर आलं. मावशी मात्र आजही बसच्या चाकाला चिकटून चालवतात, आणि 'कोण चालवतं' विचारणाऱ्याला त्या दिसत नाहीत. याचा मला खरा राग आहे.

रात्री मुक्काम रोसात्सला होता. समोरच्या काठावर ड्यूर्नश्टाइनचा पडका किल्ला आहे, 1192 साली इंग्लंडच्या राजा रिचर्डला डांबलं होतं तो. जेवताना फॅटबाईकवरून, म्हणजे जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकलींवरून, आमच्या गटात कडाक्याचं वाजलं. वयाची अट हवी, नको, हेल्मेट सक्तीचं, नाही. मी स्टोव्हवरचा पास्ता ढवळत राहिलो. इतकी वर्षं तिथे राहतोय, आइंडहोव्हनच्या पालिकेला मत देतो, तरी मला तोंड उघडावंसं वाटलं नाही. तिथला रस्ता मला तयार मिळाला. त्यासाठी रस्त्यावर उतरलेले आईबाप दुसऱ्या कुणाचे होते. माझा जीव ज्या रस्त्यावर जळतो तो सातारा रोड आहे, आणि पुण्याच्या मतदारयादीत आता माझं नाव नाही. "एवढं वाटतं तर ये की परत," असं दादा म्हणतो. येणार नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

पण मी कुठे राहतो यावर मावशींचा रस्ता ठरत नाही. ट्रॅकवरचे टेम्पो हलवा. चौकाजवळ ट्रॅक गायब होतो, तिथे जोडून घ्या. कडेला झाडं लावा. एवढं करून दोन पावसाळे जाऊ द्या आणि मग मोजा. तरीही कुणी फिरकलं नाही, तर खुशाल उखडा, मी ग्रुपवर एक शब्द लिहिणार नाही.