सात ते दहा, तळघर

स्टॉकहोमला येऊन तीन वर्षं झाली. थंडी अंगवळणी पडली. डिसेंबरात दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे परवचा चहाच्या आधी म्हणायचा, तेही जमलं. फक्त कपडे धुणं जमलं नाही.

इथे बहुतेक इमारतींत धुलाई यंत्रं घरात नसतात, तळघरातल्या सामायिक खोलीत असतात. तिचं नाव त्वेत्तस्तूगा. हे नाव धड उच्चारता येईपर्यंत माझे मोजे संपले होते. दाराशी एक फळा असतो, त्यावर महिन्याच्या तारखा आणि वेळांची भोकं. प्रत्येक फ्लॅटला नंबर कोरलेलं एक छोटं कुलूप मिळतं. हवी ती वेळ बघून ते भोकात खुपसायचं आणि किल्ली फिरवायची. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, रेशनवर तरी ओळखीचा माणूस असायचा."

इथे ओळखीचं कुणी नाही. जिन्यात शेजाऱ्याची चाहूल लागली की लोक दाराआडच थांबतात, तो गेला की निघतात. बोलायचं असेल तर चिठ्ठी लिहितात. माझ्या पहिल्याच धुलाईनंतर ड्रायरवर एक चिकटवलेली होती: "हेय! धागे अडकतात ती जाळी साफ करणं ही प्रत्येकाची जबाबदारी आहे." शेवटी हसरा चेहरा. ऑफिसातल्या सहकाऱ्याला दाखवली, तर तो गंभीर झाला. "चेहरा काढलाय? मग फारच चिडलेत."

तेव्हापासून मी ती जाळी देवाच्या ताम्हनासारखी लखलखीत ठेवतो. तरी चिठ्ठ्या आल्याच. एकदा पिवळ्या डागांबद्दल (हळदीचा हात पुसलेला पंचा, कबूल), एकदा वाळवणीच्या कपाटाबद्दल. हे कपाट गरम हवेचं, गोदरेजच्या कपाटाएवढं. त्यात बायकोची नऊवारी घड्या घालघालून टांगली, तरी पदर दाराबाहेर आला होता.

पण खरा घोळ २०२५ च्या दिवाळीत झाला. कुलूप लावताना कालनिर्णय बघायचं राहिलं आणि २० ऑक्टोबरची सकाळची सात ते दहा ही वेळ घेऊन बसलो. ती निघाली नरकचतुर्दशी. दुसरी वेळ बघितली तर नऊ दिवसांनी. आमच्याकडे नियम असा, की अर्ध्या तासात आला नाहीत तर वेळ दुसऱ्याची.

अभ्यंगस्नान आधी उरकू म्हणून पाचचा गजर लावला आणि साडेसहाला उठलो. फोनवर आई. तिकडे सकाळचे दहा वाजलेले. "अजून पारोसाच? नरकात जाशील!" म्हटलं, आई, इथे सूर्य साडेसातनंतर उगवतो, शास्त्राप्रमाणे अजून तासभर सवलत आहे. ती सवलत आम्ही पुरेपूर वापरली. बायको म्हणाली, "तेल मुरू दे जरा." मुरू दिलं. कारिट नव्हतं म्हणून पायाखाली चेरी टोमॅटो फोडला. त्याच्या बिया बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवरून टिपत होतो, तोंडाला उटणं थापलेलं, आणि तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. सात पंचवीस.

अंगावर टॉवेल आणि वर हिवाळी जाकीट चढवलं, कपड्यांची पिशवी उचलली आणि चार मजले अनवाणी उतरलो. दारात एक बाई बास्केट घेऊन उभ्या होत्या. एका हाताचं बोट यंत्राच्या बटणावर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. सात एकोणतीस.

"हेय," मी म्हणालो. नाकावरून तेलाचा थेंब पडला.

त्यांनी माझ्या पिवळ्या तोंडाकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे. बोट बटणावरून हळूच काढलं. "हेय हेय," म्हणाल्या, म्हणजे येते, आणि बास्केट घेऊन निघून गेल्या.

जिंकलो, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या कठड्याला चिठ्ठी होती: "हेय! चौथ्या मजल्यापासून तळघरापर्यंत कुणीतरी तेल सांडलं आहे."

या वेळी हसरे चेहरे दोन होते.