आधी प्रेक्षक आणा, मग पैसे मागा?

भारताच्या मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता जल्लोष चालला. तिसऱ्या दिवशी वाद. बीसीसीआयने २०२२ मध्येच महिला आणि पुरुषांची मॅच फी सारखी केली आहे: कसोटीला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. हे बरोबर की चूक? कोल्हापूरच्या काकांनी निकाल देऊन टाकला. ‘क्रिकेटचं ठीक आहे, पण आता फुटबॉलच्या पोरी पण मागणार. आधी प्रेक्षक आणा म्हणावं, मग पैसे मागा. अमेरिकेत बघा, तिथं बाजार आहे म्हणून पैसा आहे.’

मी न्यू जर्सीत राहते, पिस्कॅटवेला, रटगर्स विद्यापीठाला अगदी लागून. इथल्या यर्कक मैदानावर महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे सामने होत असत. स्काय ब्लू हा आमचा संघ. आता तो गॉथम या नावाने हॅरिसनच्या मोठ्या स्टेडियमवर खेळतो. तेव्हा मात्र जेमतेम पाच हजारांचं मैदान, आणि तेही भरायचं नाही. त्या अर्ध्या रिकाम्या बाकांसमोर कोण खेळत होतं? कार्ली लॉइड, जिला फिफाने २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरवलं होतं.

कार्ली इथलीच, डेलरन गावची, शिकली रटगर्समध्ये. तिच्या कारकिर्दीचा हिशेब काकांच्या सूत्रात काही केल्या बसत नाही. ती कॉलेजात असताना, २००३ मध्ये, अमेरिकेतली पहिली व्यावसायिक महिला लीग तीन हंगामांत बुडाली. त्याच वर्षी तिला २१ वर्षांखालच्या राष्ट्रीय संघातून वगळलं. जेम्स गॅलानिस या प्रशिक्षकाने तिला पुन्हा उभं केलं. २००९ मध्ये दुसरी लीग आली. त्यात ती शिकागो, न्यू जर्सी, अटलांटा अशी दर हंगामाला संघ बदलत राहिली, आणि २०१२ मध्ये तीही लीग बंद पडली. दरम्यान २००८ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल तिचा. २०१२ च्या अंतिम सामन्यात जपानविरुद्ध दोन्ही गोल तिचेच. सुवर्णपदकं घरात आणि क्लबचा पत्ता नाही! २०१३ मध्ये तिसरी लीग सुरू झाली तेव्हा त्या लीगमधला किमान पगार हंगामाला ६,००० डॉलर होता. कार्ली तगली ती राष्ट्रीय संघाच्या करारावर. तिचा पगार अमेरिकेचं फुटबॉल फेडरेशन देत होतं, तिकीटबारी नव्हे.

मग प्रेक्षकही आले. २०१५ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, व्हँकुव्हर, पुन्हा जपान. पहिल्या १६ मिनिटांत कार्लीचे तीन गोल, त्यातला तिसरा थेट मध्यरेषेवरून. (गोलरक्षक पुढे आलेली तिने कधी टिपली, हे मला रीप्ले बघूनही कळलेलं नाही.) अमेरिकेत अडीच कोटींहून जास्त लोकांनी तो सामना टीव्हीवर पाहिला, तोवर या देशात फुटबॉलच्या कुठल्याही सामन्याला, पुरुषांच्यासुद्धा, एवढा प्रेक्षक मिळाला नव्हता. आणि बक्षीस? विजेत्या अमेरिकेला फिफाकडून २० लाख डॉलर. आदल्या वर्षी पुरुषांच्या विश्वचषकात अमेरिकेचा संघ शेवटच्या सोळांत हरून घरी आला होता, त्याचे ९० लाख मिळाले होते.

प्रेक्षक आणून दाखवले, तरी पैसा आला नाही. तो भांडून आणावा लागला. मार्च २०१६ मध्ये कार्लीसह पाच जणींनी समान वेतनासाठी फेडरेशनविरुद्ध सरकारी आयोगाकडे तक्रार केली, २०१९ मध्ये अख्खा संघ कोर्टात गेला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये २.४ कोटी डॉलरची तडजोड झाली. कार्ली ३१६ सामने आणि १३४ गोल करून त्याच्या काही महिने आधीच निवृत्त झाली होती. क्लबांची तऱ्हा तर विचारू नका. २०१८ मध्ये याच स्काय ब्लूच्या खेळाडूंना सरावानंतर अंघोळीची धड सोय नाही, राहायला बरी जागा नाही, हे वर्तमानपत्रांत छापून आलं, तेव्हा कार्ली त्या संघात होती.

मग अमेरिकेने केलं तरी काय? माझ्या मते, तळाशी एक कायदा ठेवला. १९७२ चा ‘टायटल नाइन’. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगा-मुलगी भेद करायला मनाई. त्यात खेळाचे संघ आले, शिष्यवृत्त्याही आल्या. त्याआधी हायस्कुलात खेळणाऱ्या मुली तीन लाखसुद्धा नव्हत्या, आज तीस लाखांच्या वर आहेत. दोन लीग बुडाल्या तरी खेळाडू संपल्या नाहीत, कारण त्या घडत होत्या शाळा-कॉलेजांत, लीगमध्ये नव्हे.

आता आपल्याकडे या. कोल्हापुरात फुटबॉलला प्रेक्षक नाही असं काकांनी तरी म्हणू नये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ हे दोन संघ समोरासमोर आले की अख्ख्या पेठा लोटतात. हा प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यातून मुलींसाठी किती उभं राहिलं? महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंतचे विजेते मणिपूर, ओडिशा, तमिळनाडू, केरळ आणि बंगालचे. महाराष्ट्राचा एकही नाही, गोव्याचाही नाही. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मधली सहा-सात वर्षं मुलीने कुठे खेळायचं, यावर ग्रुपमध्ये कुणी चकार शब्द काढत नाही. मॅच फीवर मात्र रात्री दोनपर्यंत घमासान.

अमेरिकेचे गोडवे गाण्यात मला रस नाही. इथल्या मुलांच्या सॉकर क्लबांची फी, दूरदूरच्या स्पर्धा, हॉटेलं यांत वर्षाला हजारो डॉलर जातात. गरिबाघरची मुलगी तिथेच गळते. आणि आम्ही मराठी आईबाप तो खर्च हौसेने करतो, पण कशासाठी? कॉलेजच्या अर्जात एक वजनदार ओळ यावी म्हणून. आमच्या ओळखीतल्या एकीने आठ वर्षं दर शनिवारी मुलीला मैदानावर पोचवलं आणि प्रवेशाचं पत्र आल्याच्या आठवड्यात क्लबातून तिचं नाव काढून टाकलं. सवलतीच्या गुणांसाठी राज्य स्पर्धा खेळवणाऱ्या कोल्हापूरच्या पालकांहून आम्ही फार वेगळे नाही.

फरक पुढे आहे. त्या मुलीला कॉलेजात गेल्यावर पुन्हा खेळावंसं वाटलं. विद्यापीठाच्या मुख्य संघाइतकी ती चांगली नव्हती, पण विद्यार्थ्यांचा क्लब संघ होता, मैदान होतं, संध्याकाळचा सराव होता. ती परत खेळायला लागली. माझी भाची राज्य पातळीवर खेळून दहावीचे गुण घेऊन बसली आहे. तिलाही खेळायचंय. तिच्या ज्युनिअर कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघच नाही.