‘काकू, तुम्हाला यातलं काय कळतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. खाली आहे तशी आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण लिहिता लिहिता लांबलं, म्हणून वेगळं टाकते आहे.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी: विज्ञानाची ओढ असलेल्या मुलांनी अमेरिकेत अर्ज करताना नुसती मोठी विद्यापीठं न बघता छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजंही (म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणारी, विज्ञानासकट सगळे विषय असलेली कॉलेजं) बघावीत, एवढंच मी म्हटलं होतं. माझी मुलगी अशाच एका कॉलेजात केमिस्ट्री शिकते, तेही सांगितलं होतं. आणि नोबेल मिळवलेली जेनिफर डाउडना हार्वी मड या अशाच कॉलेजची, असं लिहिलं होतं. त्यावर हे आलं:

‘काकू, तुम्हाला यातलं काय कळतं? आर्ट्सच्या कॉलेजात सायन्स शिकायचं हे पैसेवाल्यांचे चोचले. ना धड लॅब, ना रिसर्च. फी एमआयटीएवढी आणि भारतात नाव कुणाला माहीत नाही. आणि डाउडना हार्वी मडची नाही, पोमोनाची. लिहिण्याआधी निदान गूगल करत चला.’

आधी डाउडना. तुमचं बरोबर. जेनिफर डाउडना १९८५ साली पोमोनातून बाहेर पडली. हार्वी मड आणि पोमोना दोन्ही क्लेअरमाँटमध्ये, एकाच गावात, त्यात माझा घोटाळा झाला. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. (पोमोना हेही लिबरल आर्ट्स कॉलेजच आहे, म्हणजे २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल तुमच्या भाषेत ‘आर्ट्सच्या कॉलेजात’ शिकलेल्या बाईला मिळालं. चूक काढण्याच्या भरात हे तुमच्या लक्षात आलं नसावं.)

आता काकू. काकू म्हणालात त्याचं वाईट वाटलं नाही, केस पिकलेत माझे. वाईट वाटलं ते त्याच्या पुढच्या चार शब्दांचं. हाच लेख एखाद्या काकांनी लिहिला असता, तर त्यांना ‘सर, एक शंका आहे’ अशी सुरुवात झाली असती. पंचवीस वर्षं मराठी मंडळांत वावरते आहे, फरक कळतो. तर काकूला यातलं काय कळतं, ते सांगते.

मी सांगलीकडची. बी.एस्सी. फिजिक्स, १९९२. आमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचला वीस मुलं आणि स्पेक्ट्रोमीटर दोन, त्यातल्या एकाचा स्क्रू कायम ढिला. रीडिंग्ज कुठून यायची? आदल्या वर्षीच्या जर्नलमधून. ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) होता, काचेच्या कपाटात, वर कापडी खोळ. दसऱ्याला त्याला झेंडूची फुलं वाहायचो. तीन वर्षांत मी त्याची पूजा तीनदा केली आणि बटण एकदाही फिरवलं नाही. सरांना दोष देत नाही. तो बिघडला असता तर दुसरा कुठून आणणार होते?

मग एम.एस.साठी इथे अमेरिकेत एका प्रचंड सरकारी विद्यापीठात आले. जगात नाव असलेलं, तुम्हालाही माहीत असलेलं. पहिल्याच आठवड्यात मला टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट केलं. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या लॅबच्या तीन तुकड्या माझ्याकडे, प्रत्येकीत चोवीस मुलं. विषय? ऑसिलोस्कोप! आदल्या रात्री मी त्या यंत्राला पहिल्यांदा हात लावला आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकन मुलांना ते शिकवलं, अशा इंग्रजीत की मागच्या बाकावरचा एक मुलगा प्रत्येक वाक्याला ‘सॉरी?’ म्हणायचा. ज्या प्रोफेसरांच्या नावासाठी त्या मुलांच्या आईबापांनी पैसे मोजले, ते तीनशे मुलांच्या लेक्चर हॉलमध्ये माइकवर बोलून निघून जायचे. मुलांच्या वाट्याला आले ते आम्ही. स्पष्टवक्ते, मोठ्या विद्यापीठाची ‘धड लॅब’ मी आतून पाहिली आहे. तिच्यात शिकवणारी मीच होते.

छोट्या कॉलेजात पीएच.डी.ची मुलंच नसतात. तुम्हाला ती उणीव वाटते. पण ती नसतात म्हणून यंत्रासमोर उभं राहायला दुसरं कोणी नसतं. माझ्या मुलीने दुसऱ्या वर्षीच एनएमआर (रेणूंची रचना तपासायचं महागडं यंत्र) स्वतः चालवला. एकदा रात्री अकराला नमुन्याची काचेची नळी आत फुटली. रडतच प्रोफेसरबाईंना फोन केला. त्या घरच्या चपलांवर आल्या आणि दोघींनी मिळून साफसफाई केली. दुसऱ्या दिवशी हिला दुसरी नळी मिळाली. खोळ नाही, झेंडू नाही.

आणि ही काही आमच्याच घरची गंमत नव्हे. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात १९६८ पासून संशोधनासाठीची छोटी अणुभट्टी आहे. ती चालवतात पदवीचीच मुलं, रीतसर परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून. थॉमस चेक १९७० साली ग्रिनेल कॉलेजातून केमिस्ट्रीत बी.ए. झाले. ग्रिनेल म्हणजे आयोवातल्या मक्याच्या शेतांमधलं एक गाव. १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना आणि सिडनी ऑल्टमन यांना मिळून मिळालं. कोविडच्या दिवसांत तुम्ही नाकात काडी घालून घेतली असेल. त्या आरटी-पीसीआरमधलं ‘आरटी’ ज्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नावाच्या एन्झाइमच्या जोरावर चालतं, ते १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करून शोधलं. १९७५ च्या नोबेलमध्ये दोघेही होते. आणि दोघेही शिकले फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर कॉलेजात, जिथे आजही सगळी मिळून सतराशेच्या आसपास मुलं आहेत. आपल्याकडे एकेका कॉलेजच्या अकरावीलाच याहून जास्त असतात.

हो, वरच्या वर्गांचे कोर्स कमी असतात. एखादा विषय वर्षाआड मिळतो, इंजिनिअरिंग बहुतेक ठिकाणी नसतंच. हे मी लेखात लिहिलं होतं. वाचलं असतंत तर सापडलं असतं.

‘आर्ट्स’ या शब्दावर तर काय बोलू. आपल्याकडे दहावीला मार्क कमी पडले की पोरगं आर्ट्सला, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ‘लिबरल आर्ट्स’ हे नाव ज्यांवरून आलं, युरोपातल्या त्या जुन्या सात ‘आर्ट्स’मध्ये अंकगणित, भूमिती आणि खगोलशास्त्र होतं, यावर कुणाचा विश्वासच बसत नाही. माझ्या मुलीलाही केमिस्ट्रीत बी.ए.च मिळणार. चेक यांच्यासारखीच.

फीचं म्हणाल तर, हो, कागदावर तेवढीच आहे. मदत मिळते, कॉलेजागणिक वेगळी. ॲमहर्स्टसारखी थोडी कॉलेजं प्रवेश देताना परदेशी मुलांचीही ऐपत बघत नाहीत. आम्ही किती भरतो आणि कुठून भरतो, हा माझा आणि माझ्या नवऱ्याचा प्रश्न आहे, त्याचा हिशेब मी इथे मांडणार नाही. पण ‘चोचले’ हा शब्द मागे घ्या. दहा वर्षं झाली, आमच्याकडे एकच गाडी आहे.

भारतात नाव कुणाला माहीत नाही, हे मी सासूबाईंकडून दर रविवारी फोनवर ऐकते. तुमच्याकडून पुन्हा ऐकायची गरज नव्हती.

प्रतिक्रिया खुल्या ठेवते आहे. तुमचं कोण कुठे शिकतं, तेही लिहा, वाचायला आवडेल. फक्त पुन्हा काकू म्हणणार असाल, तर आधी स्वतःचं खरं नाव सांगा. पुतण्याचं नाव काकूला माहीत नको का?